आमच्या गावची अंगणवाडी: कानाला मशीन असलेल्या लेकीच्या आईचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते मग बाकीचं. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा स्टार खोलीचा आणि संडासाचा कापलाय, ताई आणि मदतनीस मावशींचा काहीच कापलेला नाही. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण यात लेकीची माहिती आहे, पण बाकी सगळं जसं आहे तसं लिहितेय. मी शोधत होते तेव्हा प्लेस्कूलचे रिव्ह्यू ढिगाने सापडले, अंगणवाडीबद्दल एका पालकाने लिहिलेलं काही मिळेना, आणि ज्यांच्या मुलाला ऐकण्याचा, चालण्याचा किंवा बोलण्याचा काही प्रॉब्लेम आहे त्यांना तर ही माहिती फार लागते.

आमची चिऊ चार वर्षांची आहे. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, दोन्हीकडे मशीन आहे, कानामागे बसतं ते, आणि कानात साच्यावरून बनवलेला मोल्ड. मशीन काढलं की तिला फक्त मोठे आवाज कळतात, दार आपटलं, ट्रॅक्टर गेला असे. मशीन लावलं की बरंच ऐकू येतं पण आपल्यासारखं नाही, गोंगाटात तर खूप कमी.

आणि हे कळलं कसं, तर अंगणवाडीतूनच. ती वर्षाची असेल, मी पाकीट आणायला तिला कडेवर घेऊन गेले होते, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो ते पाकीट. मावशींच्या हातून स्टीलची ताटं पडली. खोलीतली सगळी बाळं दचकली, एक तर रडायलाच लागलं, आणि चिऊ शांतपणे माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. ताई माझ्याकडे बघत राहिल्या, मग तिच्या मागे जाऊन खुळखुळा वाजवला, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, वहिनी घाबरू नका पण पुढच्या तपासणीला हिला नक्की आणा, मी डॉक्टरांना आधी सांगून ठेवते. सासूबाई म्हणत होत्या की आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात, हिचे पप्पा तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. ताईंनी त्यांनाही घरी येऊन समजावलं, वाद न घालता, की आजी तुमचं खरं निघालं तर चांगलंच आहे, पण कान तपासून घेण्यात नुकसान काय.

ही तपासणी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. आरोग्य पथक गाडीने येतं, डॉक्टर, नर्स आणि औषधवाले, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. जन्मतः असलेलं व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर असं सगळं बघतात, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. पथकाने चिठ्ठी दिली जिल्ह्याच्या केंद्राची, त्याला डीईआयसी म्हणतात, तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कानाचे ऑडिओलॉजिस्ट, बोलण्याचे थेरपिस्ट, डोळ्यांचे, सगळे एका छताखाली असायला हवेत असं ते केंद्र. आम्हाला बेरा टेस्टची, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणाऱ्या तपासणीची, तारीख मिळायला फार वेळ लागला आणि ते मनाला लागलंय अजून, कारण कानाच्या बाबतीत नियम असा सांगतात की जन्मल्यापासून महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान आणि सहा महिन्यांच्या आत मशीन आणि थेरपी सुरू. भाषेचा पाया त्याच काळात पडतो. चिऊच्या डिलिव्हरीच्या ठिकाणी बाळाच्या कानाची तपासणी झालीच नव्हती. मशीन बसलं तेव्हा ती दीड वर्षाच्या पुढे गेली होती. सरकारी योजनेतून मिळालं, एक रुपया लागला नाही, पण गेलेले महिने गेलेच. घरात नवीन बाळ असेल तर हॉस्पिटलमधून निघतानाच कानाची तपासणी केली का ते विचारा, साधी असते, बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते.

आता प्लेस्कूलचं. तीन वर्षांची झाल्यावर आम्ही तालुक्याला दोन ठिकाणी जाऊन आलो. एका ठिकाणी मॅडम फार गोड बोलल्या आणि मग म्हणाल्या की शॅडो टीचर, म्हणजे फक्त तिच्यासोबत बसणारी वेगळी बाई, तुम्ही आणा, पगार तुम्ही द्या, आणि मशीन हरवलं तर आमची जबाबदारी नाही असं लिहून द्या. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले थोडं बोलायला लागली की घेऊन या. अहो, पण मुलांमधे बसल्याशिवाय बोलायला लागणार कशी? शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा आहे पण तो हक्क सहा वर्षांपासून सुरू होतो, ६ ते १४. त्याच्या आधीच्या वयात, जिथे सगळ्यात जास्त गरज, तिथे खाजगीवाले हो म्हणतील तर हो. घरी येताना नवरा गाडीवर एक शब्द बोलला नाही.

अंगणवाडीच्या ताईंनी विचारलं पण नाही की ती बोलते का. त्यांनी विचारलं की मशीनची बॅटरी कशी बदलायची ते मला दाखवा.

सकाळी काय चालतं ते सांगते कारण माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. मुलं आली की हात धुणं, मग खेळाचे कोपरे, बाहुलीचा कोपरा आहे, ठोकळ्यांचा आहे, चित्रांचा आहे. त्या वेळात ताई चिऊला जवळ घेतात. एक डबा आणि ठोकळे तिच्यासमोर. ताईंकडे भरतकामाची रिंग आहे, तिला पातळ काळं कापड ताणून लावलंय, ती तोंडासमोर धरतात म्हणजे ओठ दिसत नाहीत. हाताने तोंड झाकलं तर आवाजच बदलतो म्हणून रिंग, हे त्यांना जिल्ह्याच्या थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं. मग एकेक आवाज काढतात, आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आला की चिऊने ठोकळा डब्यात टाकायचा. सहा आवाज, दोन मिनिटांचं काम. हे सहाच का, तर म सगळ्यात खालच्या पट्टीतला आणि स सगळ्यात वरच्या पट्टीतला, बोलण्यातले बाकीचे आवाज साधारण यांच्या मधे येतात, त्यामुळे सहाही ऐकू आले म्हणजे मशीन आज नीट चाललंय.

पावसाळ्यात एक दिवस चिऊ श आणि स ला ठोकळा टाकेना. बाकी चारला बरोबर टाकायची. मी असते तर म्हणाले असते मूड नाही आज. ताईंनी मोल्ड काढून उजेडात धरला तर नळीत पाण्याचे बारीक थेंब साचलेले, दमट हवेने होतं तसं. पुसून, फुंकून कोरडं केलं, परत लावलं, स म्हटलं आणि ठोकळा डब्यात. तेव्हापासून आम्ही रात्री मशीन सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, आणि तसाच एक डबा ताईंच्या कपाटात पण आहे, सोबत जादा बॅटऱ्या. विचार करा, हे लक्षात आलं नसतं तर ती कितीतरी दिवस बशी, साखर, ससा सगळं अर्धवट ऐकत बसली असती आणि आम्ही म्हणालो असतो पोरगी लक्ष देत नाही.

गोष्ट सांगताना ताई खिडकीकडे तोंड करून बसतात म्हणजे उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडतो, आणि चिऊ त्यांच्या समोर हाताच्या अंतरावर. पत्र्याचं छत आहे, पाऊस सुरू झाला की काही ऐकू येत नाही, मशीन सगळंच मोठं करतं ना, पावसाला पण आणि ताईंना पण. अशा वेळी ताई गोष्ट थांबवून चित्रं काढायला बसवतात किंवा हावभावाची बडबडगीतं घेतात. पंख्याची घरघर असेल तर पंखा बंद. आणि हे चिऊसाठी केलं तरी फायदा सगळ्यांना झालाय, पहिल्या ओळीतली मुलंच ऐकायची आधी, आता सगळी ऐकतात.

मुलांचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात एकाने मशीन ओढून काढलं. ताई ओरडल्या नाहीत. सगळ्यांना गोल बसवलं, मशीन हातात घेऊन दाखवलं, की हे चिऊचं ऐकायचं मशीन, हे पाण्यात चालत नाही, हे ओढलं की तिला दुखतं, आणि तिला हाक मारायची तर अशी, असं म्हणून एकाच्या खांद्यावर हलकेच टपटप केलं. आता पोरं आपणहून खांद्यावर थाप मारून मग तिच्या समोर येऊन बोलतात. ज्याने ओढलं होतं तो तर मला रस्त्यात थांबवून सांगतो की काकू आज चिऊचं मशीन शिट्टी मारत होतं. मोल्ड सैल झाला की शिट्टी येते, वाढत्या वयात कान मोठा होतो आणि दर काही महिन्यांनी नवा मोल्ड लागतो. म्हणजे मोल्ड बदलायची वेळ झाली हे मला चार वर्षांच्या पोराकडून कळलं.

अजून एक मुलगा आहे, त्याला सीपी आहे, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूतल्या दोषामुळे हातपाय नीट ताब्यात राहत नाहीत, बसता येत नाही स्वतःहून. त्याची आजी त्याला पाठीवर घेऊन येते. आधी तो आजीच्या मांडीवर कोपऱ्यात असायचा. थेरपिस्टच्या फोटोवरून गावातल्या सुतारकाकांनी कोपरा खुर्ची बनवून दिली, मागे दोन फळ्या काटकोनात, म्हणजे खांदे पुढे येतात आणि हात मोकळे राहतात, पुढे ट्रे. आता त्याची खुर्ची गोलात मधेच असते. ठोकळे त्याच्या ट्रेवर ठेवले जातात त्यामुळे ठोकळे खेळायचे तर पोरांना त्याच्याकडेच जावं लागतं, ही ताईंची आयडिया, मला फार आवडली. मावशी त्याची खिचडी वेगळी घोटून मऊ करतात आणि त्याला ताठ बसवून, मान किंचित पुढे ठेवून भरवतात. आडवं करून भरवलं तर घास श्वासनलिकेत जायची भीती असते, घरी त्याची आई आधी आडवंच भरवायची, तिलाही मावशींनीच शिकवलं.

खाण्याबद्दल. तीन ते सहाच्या मुलांना गरम ताजा आहार, खिचडी, उसळ, लापशी असं आलटून पालटून.  चव चांगली, मावशींच्या हाताला खरंच चव आहे, चिऊ घरी मटकी बघून तोंड फिरवते आणि तिथे परत मागते. छोट्यांच्या पाकिटाबद्दल मात्र मी चांगलं लिहू शकत नाही. फार गोड, आणि गावात कितीतरी घरी ते शेवटी शेळीच्या पुढे जातं हे सगळ्यांना माहितीये. ताजं शिजवलेलं बाळं खातात हे समोर दिसत असताना पाकिटाचा हट्ट का ते मला कळत नाही. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत अंडी, केळी मिळतात, आमचं गाव त्यात येत नाही. अंडं इथेही मिळायला हवं, कुपोषण काय तालुक्याची हद्द बघून येत नाही.

वजन, उंची दर महिन्याला. दंडघेराची पट्टी मी इथेच पहिल्यांदा नीट बघितली, लाल पिवळा हिरवा असे रंग, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बाळाचा दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम. शेजारच्या जुळ्यांपैकी एकीचं पिवळ्यात आलं होतं, दिसायला गुटगुटीत वाटायची कारण कपडे जाड. ताईंनी दोन्ही बहिणींचं वेगवेगळं मोजलं म्हणून कळलं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल तुमच्या ताई चांगल्या म्हणून. हो, आहेतच. पण मला वाटतं यामागे जुनी पुण्याई पण आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मधे डहाणू तालुक्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, सोबत अनुताई वाघ, आणि वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं चारणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणात शाळा घेतली. मूल येत नाही तर आपण जायचं, मूल बसत नाही तर बसायची सोय बदलायची. चिंचोके, शंख, पानं, माती हीच खेळणी, आमच्या ताईंच्या कोपऱ्यात आजही चिंचोक्यांचीच बरणी आहे. नंतर २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आजच्या अंगणवाड्या तिच्यातल्याच. आणि मघाशी लिहिलेला तपासणीचा कार्यक्रम, तो सुद्धा ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरलाच सुरू झाला, त्याच भागात. पालघरच्या लोकांनी याचा अभिमान बाळगावा खरंच.

आता तक्रारी. दाराला दोन पायऱ्या आहेत, रॅम्प नाही, आजी त्या पोराला घेऊन रोज चढते आणि तिचे गुडघे गेलेत. संडास मोठ्यांच्या मापाचा, धरायला दांडी नाही. खोली एकच, त्यातच धान्याच्या गोण्या. लेखी अर्ज दिलाय पालकांनी मिळून, पाठपुरावा चालू आहे. दुसरं म्हणजे ताईंवर कामांचा डोंगर. रजिस्टर वेगळे, मोबाईलमधलं ॲप वेगळं, आईचा फोटो जुळल्याशिवाय पाकिटाची नोंद होत नाही आणि नेटवर्क तर झाडाखाली जाऊन शोधावं लागतं, वर सर्व्हे, मीटिंगा. ताई मीटिंगला गेल्या की त्या दिवशी मावशी एकट्या, आणि मग सहा आवाजांचं होत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमधे दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीचा वेगळा प्रोटोकॉल केंद्राने काढलाय, ओळखायचं कसं, सामावून घ्यायचं कसं, पुढे पाठवायचं कुठे, सगळं त्यात आहे. पण कागदावरचं हातात यायला शिकवणारं माणूस लागतं. आमच्या ताई जे शिकल्या ते बरंचसं थेरपिस्ट मॅडमना व्हिडिओ पाठवून, विचारून, स्वतःच्या फोनच्या रिचार्जवर. प्रत्येक ताईने हे असं स्वतःच्या जिवावर करायचं हे बरोबर नाही. महिन्यातून एकदा तरी थेरपिस्ट गावात यायला पाहिजे, आत्ता आम्ही एसटीने जातो, नवऱ्याचा एक खाडा होतो, आणि पावसाळ्यात तर जाणंच राहतं.

फरक किती पडला विचाराल तर आली तेव्हा ती दोन चार शब्द बोलायची, ते पण फक्त मलाच कळायचे. आता दोन तीन शब्द जोडते. ताई भात दे. माझा ठोकळा. परवा मावशींना म्हणाली, पाऊस आला, गोष्ट नाही. बोलणं अजून वयाच्या मानाने मागे आहे, थेरपी लांब चालेल हे माहितीये, पण ती बोलायला घाबरत नाही आणि कुणी कळलं नाही म्हटलं तर परत सांगते. दुसऱ्यांदा सांगायचा धीर तिला त्या खोलीत मिळालाय.

आपल्या भागातली अंगणवाडी बघायला जाणार असाल तर काही गोष्टी. नाव घालायला पैसे लागत नाहीत, जन्माची नोंद, आधार आणि ते माता बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. मुलाला काही अडचण असेल तर लपवू नका, रिपोर्टच्या झेरॉक्स ताईंना द्या, मशीन किंवा बूट असतील तर वापरायचं कसं ते करून दाखवा. ताई मुलांशी बोलताना खाली बसतात का बघा, मुलं नुसती हाताची घडी घालून बसलीयेत का खेळतायत ते बघा, आहार ताजा शिजतो का ते वासावरूनच कळतं. सगळ्याच अंगणवाड्या आमच्यासारख्या नाहीत, माझ्या माहेरची मी बघितलीये, तिथे मुलं येतात, खातात, जातात. तसं असेल तर पालकांनी मिळून बोला, ग्रामसभेत विषय काढा, आमचे मॅट आणि पाण्याचं फिल्टर ग्रामपंचायतीकडूनच आलंय. आणि जायचं तर साडेदहाच्या सुमारास जा, खेळ आणि गोष्ट दोन्ही बघायला मिळतं, लसीकरणाच्या दिवशी नको, त्या दिवशी सगळ्या गावातली बाळं रडत असतात आणि ताईंना तुमच्याशी बोलायला दोन मिनिटं पण मिळत नाहीत.